गुरुवारचा रस

बरणीचं झाकण फिरवलं तेव्हा फुस्स असा आवाज आला. आवाज अगदी बारीक होता, पण चर्चच्या मागच्या खोलीत मी एकटीच होते आणि मला तो नीट ऐकू आला.

मी बरणीला नाक लावलं. मनुकांचा गोड वास होता, पण त्याच्या मागून दुसराही एक वास येत होता. चमच्याने थोडा रस जिभेवर घेतला तर शेंड्याला चुणचुण झाली. रस आंबला होता.

बाहेर पहिलं गीत सुरू झालं होतं. ट्रेमधले छोटे छोटे ग्लास पांढऱ्या कापडाखाली धुऊन मांडलेले होते, भाकरीचे तुकडे कापून झाले होते. माझ्या पाठीमागच्या कपाटात पारखेबाईंनी पुण्याहून आणलेली द्राक्षाच्या रसाची सीलबंद बाटली होती. कपाटाला कुलूपही नव्हतं. हात लांब केला की झालं असतं.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला दारू वापरत नाहीत. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी हाताने कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि एक उकळी आणून गार करायच्या, असा तो रस. जुन्या पंचांनीच तसं ठरवून ठेवलं होतं, कारण आमच्या वस्तीत दारूने एकही घर सोडलं नव्हतं आणि जे मोठ्या कष्टाने सुटले त्यांना देवाच्या मेजावर पुन्हा तीच चव द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. रस करायचा मान आमच्या घराचा. सासूबाईंनी तो माझ्या हाती दिला तेव्हा एकच गोष्ट बजावली होती, की गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी भोजन, तर रस बुधवारी करायचा, त्याआधी नाही.

त्या वर्षी मी तो सोमवारी केला. कारण सांगायला लाज वाटते. गुड फ्रायडेला आमच्याकडे वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि आजवर ते सातही पुरुषच असायचे. त्या वर्षी उजागरे पाळकसाहेबांनी पाचवा उद्गार, तहानेचा, मला दिला होता. मंडळीत उद्गारावर बोलणारी पहिली बाई मी. मंगळवार आणि बुधवार मी आरशासमोर उभी राहून हातवारे करत होते. मनुका कुस्करून हात चिकट करून घ्यायला मला सवड नव्हती. रस फ्रीजमध्ये ठेवला आणि विसरून गेले. भारनियमनाचे दिवस होते, फ्रीज निम्मा दिवस नुसतं कपाट होऊन उभा असायचा, हे काय मला ठाऊक नव्हतं?

आणि पारखेबाई. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, स्वच्छतेच्या भोक्त्या. महिला मंडळाच्या सभेत त्यांनी सुचवलं होतं की आता घरगुती रस पुरे, बाटली विकत आणू. मी उभी राहिले, सासूबाईंचं नाव काढलं आणि पदर डोळ्यांना लावला. सगळ्या बायका माझ्या बाजूने झाल्या. पारखेबाई काही चिडल्या नाहीत. बाटली कपाटात ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, की असू द्या, लागली तर. त्या ‘लागली तर’चा मला भारी राग आला होता.

मी कपाट उघडलं नाही. चहाच्या डब्यातली साखर घेतली, बरणीत टाकली, ढवळली आणि ग्लास भरायला घेतले. एवढ्याशा घोटात कोणाला कळतंय, असं मनाशी म्हटलं. ज्याला नक्की कळलं असतं असा एक माणूस बाहेर बसला होता. तो मला आठवला नाही असं लिहिलं, तर तेही खोटं होईल. आठवला. पण तोवर निम्मे ग्लास भरून झाले होते.

तो माणूस म्हणजे एलिया भावजी, माझा धाकटा दीर. एसटीच्या डेपोत मेकॅनिक. हात सोन्याचे, पण दारूने पार धुऊन नेलेला. त्यांची बायको सरोज लेकीला, ग्लोरीला, घेऊन संगमनेरला माहेरी गेली तेव्हा आम्ही कोणीही तिला दोष दिला नाही. आदल्या वर्षी पावसाळ्यात उजाडायच्या आधी भावजी रस्त्याकडेच्या पाण्यात पालथे सापडले. माझ्या यजमानांनी खांद्यावर टाकून आणलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सोडली. कोणी हात ठेवून प्रार्थना केली नाही, चमत्कार वगैरे काही झाला नाही. रोजचा एक दिवस, अशी त्यांनी सोडली.

डेपोतून घरी यायच्या वाटेवर दोन गुत्ते लागायचे. ते पार करून भावजी संध्याकाळी आमच्या मागच्या दारी यायचे. शेवग्याखालच्या दगडावर बसून ग्रीसने माखलेले हात राखेने घासायचे आणि मग म्हणायचे, “वहिनी, आजचा दिवस निघाला.”

मी म्हणायची, “उद्याचा देवाच्या हाती,” आणि चहाचा ग्लास पुढे करायची. एवढीच आमची उपासना.

दिवस कसाही गेलेला असो, ते खरं सांगायचे. आज गुत्त्यासमोर उभा राहिलो होतो, आत नाही गेलो, पण उभा राहिलो. आज हात खिशात गेला होता. आज डेपोतल्या एकाच्या तोंडाचा वास आला म्हणून त्याच्याशी मुद्दाम जास्त वेळ बोलत बसलो. असलं काही सांगताना ते मान खाली घालायचे आणि मी वरून, पायरीवर उभी राहून ऐकायची. मला त्या उंचीवर बरं वाटायचं हे मला फार उशिरा कळलं. एकदा त्यांनी सहज विचारलं होतं, “आणि तुमचा दिवस, वहिनी?” मी हसले. म्हटलं, माझं काय भावजी, मी तर घरातच असते.

नाताळ कोरडा गेला. सरोजला ते खरं वाटेना, कारण पूर्वी सण म्हटला की भावजी हमखास पडलेले. तिने फोनवर निरोप दिला, की गुड फ्रायडे आणि ईस्टर सरळ पार पडू दे, ईस्टरला मी ग्लोरीला घेऊन सामानासकट येते. भावजींनी खोलीला चुना दिला. ग्लोरीसाठी डेपोतल्या भंगारातून एक छोटी खुर्ची बनवली, तिला निळा रंग दिला. गुरुवारी दुपारी ती खुर्ची आमच्या अंगणात वाळत होती.

त्या संध्याकाळी ट्रे फिरवायला माझे यजमानच होते, ते पंच. आमच्याकडे बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, त्यामुळे मला पलीकडे सगळं दिसत होतं. मी आधीच माझा ग्लास संपवला होता. साखरेने काम केलं होतं, निदान मला तसं वाटलं. शेजारच्या म्हातारीने तर माझ्या कानाशी लागून, यंदा रस फार चांगला झालाय, असंही सांगितलं. मग यजमान आपल्या भावासमोर जाऊन उभे राहिले. भावजींनी डोळे मिटून ग्लास घेतला, ओठाला लावला आणि मध्येच थांबले. त्यांनी डोळे उघडले. उरलेला रस ते तसाच धरून बसले. मग आजूबाजूला बघून त्यांनी तो पिऊन टाकला, कारण प्रभुभोजनाचा ग्लास अर्धा ठेवत नाहीत.

उपासना संपल्यावर मी घाईघाईने घरी आले. बरणीतला उरलेला रस मोरीत ओतला, वर बादलीभर पाणी सोडलं. बरणी धुऊन पालथी घालते तोच मागच्या दारी चपला वाजल्या.

भावजी दगडावर बसले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. चेहरा असा झाला होता, की मला आधी वाटलं सरोजचा काही वाईट फोन आला.

“वहिनी, मला काय झालंय ते समजंना झालंय.”

“काय झालं?”

“ग्लास तोंडाला लावला आन मला तीच चव लागली.”

मी पालथी बरणी सरळ केली आणि पुन्हा पालथी घातली.

“अजून लागतीय,” ते म्हणाले. “देवाच्या घरात, देवाच्या मेजावर. सगळी मंडळी डोळे मिटून बसलेली आन माझ्या तोंडाला पाणी सुटलं. अजून एक मिळाला तर बरं, असं वाटलं मला. वहिनी, रस... तुम्ही केलेला. तुम्हाला काही...”

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. आत यजमान कोट काढून खुंटीला लावत होते. त्यांना ऐकू गेलं असतं, उद्या पाळकसाहेबांना कळलं असतं, रविवारपर्यंत पारखेबाईंना. आणि उद्याच मला मंचावर उभं राहायचं होतं.

“मनाचे खेळ असतात, भावजी,” मी म्हणाले. “सैतान असाच येतो, पवित्र जागी येतो. जुनी चव मनात बसलेली असते, ती वर येते. प्रार्थना करा.”

“म्हंजे चव माझ्यातच हाये.”

“प्रार्थना करा,” मी पुन्हा म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मी चहा विचारला, ते नको म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दिवस निघाला असंही म्हटलं नाही आणि मीही उद्याचं काही बोलले नाही. ते गेल्यावर अंगणातली निळी खुर्ची मी उचलून आत ठेवली, दव लागून रंग खराब होईल म्हणून. तेवढी काळजी मला होती.

शुक्रवारी मी फार चांगली बोलले. हे मी आजही नाकारू शकत नाही, आणि त्याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तयार केलेलं भाषण होतंच, पण बोलता बोलता मला एक नवीन गोष्ट सुचली आणि ती इतकी चपखल होती, की ती सोडवेना. मी म्हटलं, तहान दोन प्रकारची असते. एक वधस्तंभावरची, दुसऱ्यांसाठी सोसलेली. आणि एक आपल्या आतली, जी कधी सुटत नाही. म्हटलं, असा माणूस मी पाहिला आहे, जो कित्येक महिने देवाच्या वाटेने चालला, पण ज्याला प्रभूच्या मेजावरही जुनीच तहान लागली. आपण सगळे तो माणूस आहोत, असंही मी पुढे म्हटलं. आधीचं वाक्य धुऊन काढायला ते पुरेल असं मला वाटलं असावं.

मी नाव घेतलं नव्हतं. पण मागच्या बाकावर भावजी उठून उभे राहिले. ते रागाने उठले नव्हते. बस लागली की माणूस जसा सामान चाचपत उठतो तसे उठले, बाकावरची टोपी घेतली आणि बाहेर गेले. दारापर्यंत त्यांचा पाय कुठेही अडखळला नाही. दारातल्या उन्हाच्या चौकोनात ते दिसेनासे झाले आणि मी पुढचं वाक्य बोलले. समोरच्या बायका डोळे पुसत होत्या. पारखेबाईसुद्धा.

त्या संध्याकाळी मागच्या दारी कोणी आलं नाही. शनिवारीही नाही.

ईस्टरची उपासना आटोपून आम्ही घरी आलो तेव्हा सरोज आमच्या ओट्यावर बसली होती. शेजारी पत्र्याची ट्रंक आणि दोन पिशव्या. ग्लोरीच्या अंगावर नवीन फ्रॉक होता आणि ती फ्रॉकला सुरकुती पडू नये म्हणून उभी होती. सरोज भावजींच्या खोलीवर जाऊन आली होती. दार उघडंच होतं म्हणाली. भावजी चुना दिलेल्या भिंतीला डोकं टेकून खाली पडले होते आणि खोलीत कसला वास होता हे तिला सांगावं लागलं नाही.

यजमान तसेच खोलीकडे धावले. सरोजने मला बाजूला घेतलं.

“ताई, बुधवारी फोनवर चांगले बोलले होते. खुर्ची केलीये म्हणाले. मग मध्ये काय झालं?”

“मोहात पडले गं.”

“असंच? काहीच कारण नाही? कोणी काही बोललं का? खरं सांगा मला. काही कारण असेल तर मी थांबते.”

एवढं सोपं करून तिने माझ्यासमोर ठेवलं होतं. काही कारण असेल तर मी थांबते.

“कारण काय असणार, सरोज,” मी म्हणाले. “दारूला कधी कारण लागतं का?”

तिने पदर खोचला आणि ट्रंक उचलली. ग्लोरीने माझ्याकडे पाणी मागितलं. मी तिला पेलाभर दिलं, ते तिने फ्रॉकवर सांडू न देता प्यायलं, आणि मायलेकी उन्हातून स्टँडकडे परत गेल्या. निळी खुर्ची मी त्यांना दाखवलीही नाही.

भावजी पुढे बरीच वर्षं प्यायले. डेपोची नोकरी गेली. कावीळ झाली, पोट फुगलं, दवाखान्यात त्यांना नळ्या लावलेल्या मी पाहिल्या. तिथून उठले आणि पुन्हा एकदा त्यांनी सोडली, पहिल्यासारखीच गुपचूप. ते पुन्हा चर्चला येऊ लागले आणि जुन्या सवयीने संध्याकाळी मागच्या दारीही. चहा घ्यायचे, शेवग्याच्या शेंगा उतरवून द्यायचे. पण दिवस निघाला हे वाक्य त्यांनी परत कधी उच्चारलं नाही. आणि प्रभुभोजनाचा ट्रे समोर आला की ते मान हलवून पुढे जाऊ द्यायचे. दर वेळी. लोक त्यांचं कौतुक करायचे, की बघा, स्वतःला ओळखून आहे.

सरोज परतली नाही. ग्लोरीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा ती आमच्या नावाने होती. भावजी माझ्याबरोबर आले, मांडवात शेवटच्या रांगेत बसले आणि जेवण झाल्यावर पाहुण्यासारखे नवरा-नवरीच्या हातात पाकीट देऊन स्टेजवरून उतरले.

रस मात्र मीच करत राहिले. बुधवारीच करायची, उकळी दोनदा आणायची, गुरुवारी दुपारी चाखायची आणि संध्याकाळी परत चाखायची. इतकी काळजी मी घेत होते, की यजमान गमतीने म्हणायचे, तू देवापेक्षा बरणीला जास्त घाबरतेस. ते गेले तेव्हाही त्यांना काही ठाऊक नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वीचा गुरुवार आला. पारखेबाई आता खूप थकल्या होत्या, मी त्यांना हात धरून माझ्या शेजारी बसवलं होतं. पलीकडे ट्रे भावजींसमोर गेला आणि त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. पारखेबाई माझ्या कानाशी झुकल्या.

“बिचारा. एकदा जीभ बिघडली की कायमचीच बिघडते, नाही का हो?”

मी मान डोलावली. हो म्हटलं. आणि लगेच ट्रे आमच्या रांगेत आला, नव्या पंचाने तो माझ्यासमोर धरला, माझ्याच हातचा गोड, निर्मळ रस. माझा हात मांडीवरून उठेना. मी मान हलवली. पंच गोंधळला, क्षणभर थांबला, मग पुढे गेला. पारखेबाईंनी डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. पलीकडून भावजीही बघत होते.

घरी आले तर ते माझ्या आधीच दगडावर येऊन बसलेले.

“वहिनी, तुम्ही का नाही घेतलं?”

मी पायरीवर उभी राहून सांगू शकले नाही. खाली बसले, मातीवरच. मग सांगितलं. सोमवारचं, फ्रीजचं, बरणीच्या आवाजाचं, साखरेचं, कपाटातल्या बाटलीचं. शुक्रवारचं मी सांगायला घेतलं तर त्यांनी हाताने थांबवलं, ते त्यांना माहीत होतं.

 शेवग्याची पानं दगडावर पडत होती, ती ते एकेक उचलून बाजूला ठेवत होते.

“मला वाटलं होतं, रस आंबलाय,” शेवटी ते म्हणाले. “तेच इचारायला आलो होतो त्या दिवशी.”

“मग सरळ का नाही विचारलं?”

“इचारलं की. तुम्ही म्हणल्या मनाचा खेळ हाये. मंग मी म्हणलं, वहिनी सांगतीय म्हंजे आपलीच जीभ खोटी.”

मला रडू आलं. त्यांनी समजूत घातली नाही, आणि घालू नये असंच मला वाटत होतं.

“घोटानं नव्हतो पडलो मी,” ते म्हणाले. “घोट तो केवढा. पण मला वाटलं, प्रभूच्या ग्लासातबी मला दारूच दिसती, तर मंग रोजच्या रोज कशाला झुंजायचं? झुंजून उपेग काय? एवढंच वाटलं.”

“मला माफ करा, भावजी.”

ते उठले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. “मला सांगून काय हुणार आता? सरोजला सांगा,” असं म्हणून त्यांनी टोपी झटकली आणि गेले.

मी हो म्हटलं होतं. पण हो म्हणणं आणि फोन करणं यांच्यामध्ये काय असतं हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले, हात धुतले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही केला. त्याच्या पुढच्या दिवशी म्हटलं, फोन हातात घेतला होता, परत ठेवला. एकदा म्हटलं, घंटी वाजेपर्यंत थांबले आणि कट केला. मान खाली घालून मी सांगायची आणि ते दगडावर बसून ऐकायचे. एका दिवशी फोन लागला, ग्लोरीने उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, सहज केला गं, तुझ्या बाळाला बघावंसं वाटलं. ते मी भावजींना सांगितलं तेव्हा मला वाटलं आता हे उठून जातील. त्यांनी चहा संपवला, ग्लास विसळून पालथा घातला.

“उद्याचा देवाच्या हाती, वहिनी,” ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, खूप शोधला, पण नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी चिरायची अर्धी सोडून फोन केला आणि सरोजने उचलताच, ती बोलायच्या आत, सगळं सांगून टाकलं. पलीकडे कुकरची शिटी झाली, ती मला ऐकू आली.  मी थांबले तेव्हा मला वाटलं, लाइन गेली.

“ताई,” ती मग म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं. ट्रंक उचलायच्या आधी विचारलं होतं.”

आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी भावजी आले. मी आधीच खाली, पायरीवर बसले होते. त्यांनी हात धुतले आणि माझ्याकडे बघितलं.

“सांगितलं,” मी म्हणाले.

“काय म्हणाली?”

मी सांगितलं. सरोजचे शब्द जसेच्या तसे सांगितले, एकही सौम्य केला नाही. त्यांनी ते ऐकले, टोपी काढली, मांडीवर ठेवली. चहा गार होत होता. शेवटी त्यांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला, चव बघितल्यासारखा थोडा वेळ तोंडात धरला आणि गिळला.

“चला,” ते म्हणाले. “दिवस निघाला म्हणायचा तुमचा.”